आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा: रोमँ गारी आणि एमिल आझारचं प्रकरण

१७ नोव्हेंबर १९७५. पॅरिसच्या द्रुआँ रेस्तराँत गोंकूर अकादमीची मंडळी शिरस्त्याप्रमाणे जेवायला जमली आणि गोंकूर या फ्रान्समधल्या मानाच्या साहित्य-बक्षिसासाठी त्या वर्षीच्या कादंबरीचा निकाल लावून मोकळी झाली. कादंबरीचं नाव ‘ला व्ही दव्हाँ स्वा’. मराठीत ‘अख्खं आयुष्य पुढे पडलंय’ असं काहीसं म्हणता येईल. लेखक एमिल आझार. गोंकूरची रक्कम अगदी नावापुरती असते, पण पुस्तकावर ती लाल कागदी पट्टी चढली की खप कुठल्या कुठे जातो. त्यामुळे हे बक्षीस नको म्हणणारा लेखक विरळाच. आझार मात्र नको म्हणाला. थोड्याच दिवसांत त्याचा नकार अकादमीकडे पोचला.

अकादमीचे अध्यक्ष एर्व्हे बाझँ यांनी त्यावर जे उत्तर दिलं ते पुढे प्रसिद्ध झालं. आम्ही मत पुस्तकाला देतो, उमेदवाराला नाही. आणि गोंकूर हे जन्ममरणासारखं आहे, ते स्वीकारता येत नाही तसं नाकारताही येत नाही, असा त्याचा मथितार्थ. बक्षीस आझारच्या नावावर राहिलं.

आता घोळ कुठे होता ते सांगतो. गोंकूर एका लेखकाला आयुष्यात एकदाच देतात. १९०३ पासून हे बक्षीस चालू आहे आणि एरवी हा नियम पाळला गेलाय. ज्याने ‘अख्खं आयुष्य’ लिहिलं त्याला ते एकोणीस वर्षांपूर्वीच मिळून चुकलं होतं, १९५६ साली, ‘आकाशाची मुळं’ या कादंबरीसाठी, रोमँ गारी या नावाने. अकादमीला हे ठाऊक नव्हतं. जाहीरपणे ते कळलं १९८१ च्या जुलैत, तेव्हा गारीला जाऊन सात महिने झाले होते.

या प्रकरणाची गोष्ट बहुतेक वेळा ‘बघा, समीक्षकांना कसं बनवलं’ अशा सुरात सांगतात. ती बाजू मजेची आहे खरी, आणि मीही ती टाळणार नाही. पण समीक्षकांना बनवणं हे त्यातलं सोपं काम होतं. मला जास्त विचार करायला लावते ती मधली एक घडामोड: आझार हे नुसतं नाव होतं तोवर सगळी सूत्रं गारीच्या हातात होती, आणि त्या नावाला त्याने एक जिवंत माणूस जोडून दिला त्या दिवसापासून ती सुटत गेली.

जाता जाता नावाबद्दल. फ्रेंच उच्चाराला जवळ जायचं तर ‘आझार’ लिहावं लागतं. ‘ज’ लिहिला तर मराठीत आजारपण येतं. पुढे जे झालं ते पाहता तेही अगदीच गैरलागू नव्हतं.

नावांची वही

गारीचं जन्मनाव रोमान कात्सेव्ह. जन्म १९१४ चा, व्हिल्नाचा, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या व्हिल्नियसचा. तेव्हा तो रशियन साम्राज्याचा भाग होता. घर ज्यू. वडील घर सोडून गेले. आई मीना या मुलाला घेऊन आधी वॉर्सात आणि १९२८ मध्ये नीसला आली. नीसमध्ये तिने ‘मेर्मों’ नावाचं छोटं हॉटेल चालवलं.

‘पहाटेचं वचन’ या १९६० च्या आत्मकथनपर पुस्तकात गारीने या आईचं जे चित्र काढलंय, ते एकदा वाचलेला माणूस विसरत नाही. मुलगा फ्रान्सचा राजदूत होणार, मोठा लेखक होणार, हे ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओरडून सांगायची. यात एक बारीकसा प्रसंग आहे आणि आपल्या कामाचा तोच आहे. महान फ्रेंच लेखकाचं नाव रशियन असून कसं चालेल? म्हणून मायलेक टोपणनाव शोधायला बसतात. पोरगा वहीची पानंच्या पानं नावांनी भरतो. अजून कादंबरीची एक ओळ लिहून झालेली नाही आणि लेखकाची नावं मात्र डझनांनी तयार. एकही पसंत पडत नाही.

वयाच्या एकविसाव्या वर्षी, १९३५ मध्ये, तो फ्रेंच नागरिक झाला. हवाई दलात गेला. तिथे त्याच्या तुकडीतल्या सगळ्यांना अधिकारी केलं, याला वगळलं, कारण नागरिकत्व फार ताजं; असं त्याने स्वतः लिहिलंय. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर तो उत्तर आफ्रिकामार्गे ब्रिटनला पोचला आणि द गॉलच्या स्वतंत्र फ्रेंच फौजेत दाखल झाला, लोरेन नावाच्या बाँबफेकी तुकडीत.

त्या काळातली एक हकीकत इथे थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. २५ जानेवारी १९४४. विमान शत्रूच्या प्रदेशावर असताना खालून तोफांचा मारा झाला. वैमानिक आर्नो लांजे याच्या डोळ्यांना इजा होऊन त्याला दिसेनासं झालं. गारी निरीक्षक म्हणून पुढच्या काचेच्या भागात होता, तोही पोटात जखमी. दोघांच्या जागा वेगळ्या, अदलाबदल अशक्य. मग गारी बोलत राहिला, डावीकडे, उजवीकडे, थोडं वर, आणि लांजे न बघता हात चालवत राहिला. आधी बाँब टाकले आणि मग विमान इंग्लंडला परत आणून उतरवलं. पाहणारा एक, चालवणारा दुसरा. आझार प्रकरण वाचताना मला हे विमान दर वेळी आठवतं. फरक इतकाच की पुढे ज्याचे हात वापरले त्याचे डोळे शाबूत होते.

या युद्धातल्या कामगिरीसाठी त्याला ‘मुक्तीचा सहकारी’ हा द गॉलने सुरू केलेला किताब मिळाला, जो सगळे मिळून हजारभर माणसांनाच दिला गेला. गारी हे नाव त्याने युद्धातच घेतलं आणि १९५१ मध्ये कायदेशीर करून टाकलं. रशियन भाषेत ‘गारी’ म्हणजे ‘जळ!’ अशी आज्ञा. आझारमधला ‘झार’ रशियन कानाला धगीचा, निखाऱ्याचा वाटतो. म्हणजे आगीचं नाव टाकून त्याने निखाऱ्याचं घेतलं. पॅरिसमध्ये रशियन जाणणारी माणसं काही कमी नव्हती.

आणखी एक गोष्ट, स्वभाव कळावा म्हणून. ‘पहाटेचं वचन’च्या शेवटी येतं की युद्धभर आईची पत्रं त्याला पोचत राहिली, परत आल्यावर कळलं की ती तीन वर्षांपूर्वीच वारली होती, मरण्याआधी तिने शेकडो पत्रं लिहून मैत्रिणीकडे ठेवली होती आणि ती मैत्रीण ती टाकत होती. वाचताना घसा दाटून येतो. चरित्रकारांनी नंतर दाखवून दिलं की असं काही झालं नव्हतं; आई १९४१ मध्ये गेल्याचं त्याला तारेने कळलं होतं. मला याचा राग येत नाही. पण मेलेल्या माणसाचा आवाज टपालाने येत राहतो ही कल्पना त्याला किती प्रिय होती ते इथे दिसतं. स्वतःच्या मरणानंतरही त्याने तेच केलं.

साठीतला माणूस

युद्धानंतर तो परराष्ट्र खात्यात गेला. सोफिया, बर्न, न्यूयॉर्क, मग १९५६ ते १९६० लॉस एंजेलिसला महावाणिज्यदूत. पहिल्या कादंबरीला १९४५ मध्ये समीक्षकांचं बक्षीस, १९५६ मध्ये गोंकूर. ‘आकाशाची मुळं’ मध्ये मोरेल नावाचा एक माणूस फ्रेंच आफ्रिकेत हत्ती वाचवायला निघतो. पर्यावरण हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधीची ही कादंबरी. तेव्हा पॅरिसमध्ये एक कुरबुर झाली होती: याचं फ्रेंच नीट नाही, व्याकरणाच्या चुका आहेत. बाहेरून आलेल्या लेखकाला हे ऐकावंच लागतं.

मग जीन सीबर्ग. अमेरिकन अभिनेत्री, वयाने चोवीस वर्षांनी लहान. १९६३ मध्ये लग्न, १९७० मध्ये घटस्फोट, एक मुलगा. छायाचित्रं, मासिकं, चर्चा. लेखक मागे पडला आणि माणूस पुढे आला: राजदूती थाटाचा, द गॉलवादी, सुंदर बायकोचा नवरा. त्यातून १९६५ मध्ये त्याने नव्या फ्रेंच कादंबरीच्या कंपूवर एक जाडजूड पुस्तक लिहून वैर ओढवून घेतलं होतं. १९६८ च्या विद्यार्थ्यांच्या उठावानंतरच्या पॅरिसमध्ये अशा माणसाचं पुढचं पुस्तक उघडायची उत्सुकता कोणाला? ते न उघडताच माहीत असायचं.

१९७४ मध्ये तो साठीचा झाला. नावं बदलून बघण्याचे प्रयोग त्याने आधीही केले होते. १९५८ मध्ये फॉस्को सिनिबाल्दी या नावाने एक पुस्तक, १९७४ मध्येच शातान बोगात या नावाने दुसरं. ती प्रकरणं फार काही चालली नाहीत. आझारची गोष्ट वेगळी होती, कारण या वेळी नावाबरोबर भाषाही नवी आली.

रिओहून आलेलं बाड

पहिलं पुस्तक ‘ग्रो-कालँ’, म्हणजे ‘मोठ्ठी मिठी’. पॅरिसमध्ये आकडेमोडीची नोकरी करणारा कुझँ नावाचा एकटा माणूस घरी अजगर पाळतो, कारण त्याला मिठीत घेणारं दुसरं कोणी नाही. वाक्यं अशी की सुरुवात एकीकडे आणि शेवट भलतीकडे. सरकारी परिपत्रकाची भाषा आणि जिवाची तगमग एकाच ओळीत.

हस्तलिखित ब्राझीलहून आलं. रिओत गारीचा पिएर मिशो नावाचा एक व्यावसायिक मित्र होता, त्याने ते पाठवलं. सोबतची कहाणी अशी: लेखक फ्रेंच आहे, बेकायदा गर्भपात केल्याच्या प्रकरणात अडकलेला डॉक्टर आहे, त्यामुळे फ्रान्सला परतू शकत नाही. आज हे जरा सिनेमातल्यासारखं वाटेल, पण फ्रान्समध्ये गर्भपात कायदेशीर झाला तो जानेवारी १९७५ मध्ये. १९७४ मध्ये असा फरार डॉक्टर असणं अगदी पटण्यासारखं होतं. कहाणी रचणाऱ्याने वर्तमानपत्र नीट वाचलेलं होतं.

गालिमार या बड्या प्रकाशनसंस्थेच्या वाचनसमितीत पुस्तक आवडणारे होते, पण एकमत झालं नाही आणि ते मर्क्यूर द फ्रान्सकडे गेलं. मर्क्यूर ही गालिमार घराण्याचीच शाखा, प्रमुख सिमोन गालिमार. गंमत पाहा: गारी स्वतः गालिमारचा लेखक. म्हणजे आपल्याच प्रकाशकाच्या घरात तो मागच्या दाराने नवखा म्हणून शिरला. १९७४ च्या शरद ऋतूत पुस्तक निघालं आणि गाजलं. हा नवखा असणं शक्य नाही, कोणीतरी बडा माणूस मागे आहे, असं लोक बोलू लागले. नावं घेतली गेली ती रेमाँ केनो, लुई आरागाँ अशा नामवंत लेखकांची. गारीचं कोणी घेतलं नाही.

दुसरं पुस्तक म्हणजे बक्षिसाचं ‘अख्खं आयुष्य’. पॅरिसच्या बेलव्हिलमध्ये सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात, मादाम रोझा राहते. एकेकाळची वेश्या, आउशविट्झमधून वाचलेली ज्यू म्हातारी, देहाने जड, जिन्याला कंटाळलेली. धंद्यातल्या बायकांची पोरं ती पैसे घेऊन सांभाळते. त्यातला एक मोमो, अरब मुलगा. गोष्ट तो सांगतो. तळघरात रोझाने एक लपण्याची खोली करून ठेवलीय, कोणी धरायला आलं तर जायला. पैसे यायचे थांबले तरी मोमो जात नाही. म्हातारी मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, तो तिथेच बसतो. चेहऱ्यावर रंग लावतो, अत्तर ओततो.

मोमोची भाषा हा या पुस्तकाचा जीव आहे. मोठ्यांचे शब्द त्याने जिन्यावर, दवाखान्यात, चहाच्या दुकानात उचललेत आणि तो ते चुकीच्या जागी वापरतो, पण चुकून बरोबर जागी लागतात. मी हे पुस्तक फ्रेंचमधून वाचलेलं नाही, अनुवादातून वाचलं, आणि तरी दर पानावर थांबलो. आता ही विसंगती बघा. १९५६ मध्ये ज्याच्या फ्रेंचमधल्या चुका काढल्या, त्यानेच १९७५ मध्ये चुकांचीच भाषा केली, आणि ती बेलव्हिलच्या अरब पोराच्या तोंडी घातल्यावर सगळ्यांना अस्सल, ताजी, गल्लीतून आलेली वाटली. परक्या माणसाचं फ्रेंच तेच होतं. ऐकणाऱ्याने बोलणारा बदलला म्हणून कान बदलला.

त्याच १९७५ मध्ये गारीच्या खऱ्या नावाने एक कादंबरी आली. शीर्षक पॅरिसच्या मेट्रोतल्या पाटीवरून घेतलेलं: या हद्दीपलीकडे आपलं तिकीट चालणार नाही. विषय, उताराला लागलेल्या पुरुषाची घटती ताकद. समीक्षकांनी ती लेखकाचीच कबुली समजून वाचली. गारी संपत आला, आझार उगवला, असा त्या वर्षीचा एकूण हिशेब.

कोपनहेगन

इथवर सगळं टपालावर चाललं होतं. पण पुस्तक गाजलं की प्रकाशकाला लेखक बघायचा असतो, वार्ताहराला भेटायचं असतं. नुसतं नाव किती दिवस पुरणार? गारीने आईकडच्या नात्यातल्या बहिणीचा मुलगा निवडला, पॉल पावलोविच. तिशी ओलांडलेला, दक्षिणेकडच्या लॉत परगण्यातल्या एका खेड्यात बायकोसह राहणारा, वाचन दांडगं, स्वभाव तापट. आपल्या हिशेबाने भाचाच.

पॉलने काय करायचं होतं? फोनवर बोलायचं, एकदोन भेटी द्यायच्या, त्याही फ्रान्सबाहेर, आणि धूसर राहायचं. जिनिव्हात तो सिमोन गालिमारला भेटला. मग कोपनहेगनमध्ये ‘ल मोंद’ या दैनिकाच्या इव्हॉन बाबीला मुलाखत दिली. आणि तिथे त्याने गारीने आखून दिलेल्या कहाणीच्या जागी स्वतःच्या आयुष्यातले खरे तपशील सांगितले. छपाईसाठी फोटो दिला तोही स्वतःचा. गारीचा याला विरोध होता. नंतर लिहिलेल्या टिपणात त्याने ही तक्रार स्पष्ट नोंदवलीय. त्याला हवा होता तो चेहरा नसलेला, दंतकथेतला आझार. पॉलने त्याला जन्मगाव, आईवडील, नाक-डोळे सगळं देऊन टाकलं.

पॉलने असं का केलं असावं? बेफिकिरीने केलं असं बऱ्याच ठिकाणी सुचवलं जातं. मला वाटतं तुम्ही माणसाला सांगितलं की तू अमुक हो, रोज हो, अनोळखी लोकांसमोर हो, तर तो कधीतरी होणारच. त्यासाठी तो हाताशी असेल तेच साहित्य वापरणार, आणि हाताशी स्वतःचंच आयुष्य असतं. गारीनेही आयुष्यभर दुसरं काय केलं होतं?

परिणाम झटपट झाला. गोंकूर जाहीर झाल्यावर त्याच महिन्यात ‘ल प्वाँ’ साप्ताहिकाने फोटोतल्या माणसाची ओळख पटवली: हा तर पॉल पावलोविच, आणि हा रोमँ गारीचा नातेवाईक. बक्षीस नाकारण्याचं पत्र याच गडबडीतलं. सल्ला झिझेल हालिमी या वकीलबाईंचा. कायद्याने पाहिलं तर दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. बक्षीस घेतलं तर नियम मोडून घेतलं असं झालं असतं. खरं सांगितलं तर आझार तिथेच मेला असता. नाकारणं ही मधली वाट होती, आणि ती बाझँनी बंद केली.

भाचा आणि मामा

आता संशय थेट गारीच्या दाराशी आला. गारीने काय केलं? साफ इन्कार. मी एमिल आझार नाही आणि त्याच्या पुस्तकांत माझा कुठल्याही प्रकारचा हात नाही, असं त्याने छापील सांगितलं.

पण इन्कारापेक्षा भारी काम केलं ते पुढच्या पुस्तकाने. जिनिव्हात बसून त्याने भराभर ‘स्यूडो’ लिहून काढलं, १९७६ मध्ये ते आझारच्या नावाने निघालं. यात निवेदक आहे पॉल पावलोविच, मनाने ढासळलेला, दवाखान्यात ये-जा करणारा, आणि तो कबूल करतो की होय, मीच आझार. त्याच्या मानगुटीवर बसलेला एक श्रीमंत, ढोंगी, प्रसिद्ध मामा आहे, ज्याला तो ‘तोंतों माकूत’ म्हणतो. हैतीच्या हुकूमशहाच्या गुंडांना लोक याच नावाने ओळखत. हा मामा म्हणजे गारी हे शेंबड्या पोराला कळावं. स्वतःला इतकं घाण रंगवणारं पुस्तक कोण स्वतः लिहील? वाचकांनी, समीक्षकांनी विश्वास ठेवला. तरुण लेखकाला प्रसिद्धी झेपली नाही, त्याने घाईघाईत सगळं ओकून टाकलं, असं समीक्षेत आलं.

त्यातले काही भाग प्रत्यक्षात चाळीस वर्षं जुने होते. विशीत गारीने ‘मेलेल्यांची दारू’ नावाची कादंबरी लिहिली होती, ती कोणी छापली नव्हती. तिच्यातला मजकूर त्याने इथे वापरला. मूळ कादंबरी छापून आली ती २०१४ मध्ये. म्हणजे १९७६ मध्ये ज्याला आजच्या पिढीचा आवाज म्हटलं, त्यातल्या काही ओळी १९३० च्या दशकातल्या होत्या.

युक्ती म्हणून ‘स्यूडो’ला तोड नाही. माणसाला माणूस म्हणून पाहिलं तर मात्र मी अडखळतो. पॉल हा खराखुरा माणूस होता, त्याला बायकोपोरं होती, आणि त्याच्या नावानिशी रचलेलं वेड बाजारात विकायला आलं होतं. मामाने भाच्याचं शरीर आधीच वापरलं होतं, आता मनही लिहून टाकलं. भाच्याच्या बाजूने सांगायचं तर तोही त्या भूमिकेत मुरत गेला होता. मर्क्यूरच्या कचेरीत त्याला काम मिळालं; आझार म्हणून लोक त्याचं मत विचारत. मामा-भाच्याचं पटेनासं झालं. गारीला आझारकडून हवी होती ती पुन्हा पहिल्यांदा वाचलं जाण्याची संधी. ती मिळाली, पण कौतुक ऐकायला खुर्चीत पॉल बसला होता.

१९७८ मध्ये मोशे मिझराहीच्या ‘मादाम रोझा’ला परभाषेतल्या चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, सिमोन सिन्योरेने रोझा केली होती. १९७९ मध्ये आझारचं चौथं आणि शेवटचं पुस्तक आलं, ‘राजा सॉलोमनची घालमेल’. म्हातारपणाचा धसका घेतलेल्या, तयार कपड्यांच्या धंद्यात पैसा केलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट.

ज्यांनी पाहिलं होतं

गुपित ठाऊक असणारे अगदीच थोडे नव्हते. लिहून घेणारी सेक्रेटरी, मुलगा, जीन सीबर्ग, जुने मित्र, दोन-तीन वकील, गालिमार घराण्यातला रोबेर गालिमार. पाच-सहा वर्षं यातला एकही फुटला नाही हे खरोखर कौतुकाचं.

पण सगळ्यात बोलका तपशील त्या यादीबाहेरचा आहे. मायोर्का बेटावर गारीचं घर होतं. तिथे लिंडा नोएल नावाची एक ओळखीची बाई गेली असता टेबलावर ‘ग्रो-कालँ’चं हस्तलिखित पडलेलं तिने पाहिलं. पुस्तक निघाल्यावर ती ज्याला त्याला सांगत सुटली की हे गारीचं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. कोणी ऐकून घेतलं नाही. गालिमारच्या वर्तुळातल्या एकाचं उत्तर गारीने नोंदवून ठेवलंय: गारी आता थकलेला लेखक आहे, हे शक्यच नाही.

खुणा तर सगळीकडे होत्या. गारीने कॅलिफोर्नियात खरंच एक अजगर पाळला होता आणि १९७० च्या ‘पांढरा कुत्रा’ या पुस्तकात तसं लिहिलंही होतं. म्हाताऱ्या, डागाळलेल्या माणसाला चिकटून राहणारं अनाथ पोर त्याच्या १९४० च्या दशकातल्या ‘ल ग्राँ व्हेस्तियेर’ या कादंबरीत आधीच भेटतं. मोमो आणि रोझा यांची जोडी तिथे ल्यूक आणि व्हाँदेरप्यूत या नावांनी बसलेली आहे. दोन पुस्तकं शेजारी ठेवायची, एवढंच काम होतं. कागद तपासायचे नव्हते, हेर लावायचे नव्हते. ज्यांचा पेशाच वाचणं, त्यांनी गारीची जुनी पुस्तकं वाचलेली नव्हती. गारीचा शेवटच्या टिपणातला सगळा जळफळाट इथे आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

२ डिसेंबर १९८०

जीन सीबर्ग १९७९ च्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये आपल्या गाडीत मृतावस्थेत सापडली. अमेरिकेच्या एफबीआयने १९७० मध्ये तिच्या पोटातल्या बाळाविषयी खोटी बातमी पेरून तिला उद्ध्वस्त केलं, असा आरोप गारीने पत्रकार परिषद घेऊन केला. वर्षभराने, २ डिसेंबर १९८० रोजी, र्यू द्यु बाकमधल्या घरी त्याने स्वतःला संपवलं. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत जीन सीबर्गशी याचा काही संबंध नाही, असं आवर्जून लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत म्हटलं होतं की अखेर मी स्वतःला पूर्णपणे व्यक्त केलंय. ज्यांना आझारचं ठाऊक नव्हतं त्यांना ती ओळ तेव्हा नुसती गूढ वाटली असणार.

युद्धवीर म्हणून पॅरिसच्या अँव्हालिदमध्ये त्याला मानवंदना दिली गेली. अस्थी भूमध्य समुद्रात सोडल्या. इकडे प्रकाशकाकडे एक छोटं टिपण पडून होतं, ‘एमिल आझारचं जीवन आणि मरण’, मार्च १९७९ मध्ये लिहिलेलं. सगळं केलं ते का, कसं, कोणाला माहीत होतं, कोणी काय लिहिलं, याचा त्यात हिशेब. मजा आली, निरोप घेतो, धन्यवाद, अशा अर्थाच्या शब्दांवर ते संपतं.

पण जगाला ते त्याच्या तोंडून आधी कळलं नाही. पॉल पावलोविचने स्वतःचं पुस्तक लिहून ठेवलं होतं, ‘ज्याला लोक तो समजत होते’ अशा अर्थाच्या शीर्षकाचं. ३ जुलै १९८१ रोजी बेर्नार पिव्होच्या ‘आपोस्त्रोफ’ या पुस्तकांवरच्या दूरदर्शन कार्यक्रमात तो येऊन बसला आणि त्याने सांगितलं की मी आझार नव्हतो. गारीचं टिपण गालिमारने त्याच महिन्यात छापलं.

गोंकूर कोणी परत मागितलं नाही. कोणाकडे मागणार? पुस्तक छापलं जात राहिलं. आज फ्रान्समधल्या दुकानात खिशात मावणारी आवृत्ती उचलली तर मुखपृष्ठावर रोमँ गारी असं ठळक असतं आणि त्याच्याच शेजारी, कंसात, एमिल आझार.